गिझाचा पिरॅमिड: ओढला, ओतला की उडवला?

खडीवाला | ८ जून, रात्री ११:४०

गेली बावीस वर्षं काँक्रीट ओततोय. त्यामुळे मला जगात सगळंच ओतलेलं दिसतं, हे आधीच कबूल करून टाकतो. तरी मुद्दा ऐका.

इजिप्तच्या खुफू राजाचा पिरॅमिड. पायाची बाजू २३० मीटर, मूळ उंची १४६ मीटर, दगड अंदाजे २३ लाख, सरासरी वजन अडीच टन. काम २० वर्षं चाललं असं धरू. रोज १० तास, वर्षाचे ३६५ दिवस, सणवार नाही. हिशेब केला तर तासाला ३१ दगड, म्हणजे दर दोन मिनिटांना एक. आमच्या साइटवर दोन मिनिटांत चहासुद्धा दुसऱ्या मजल्यावर पोचत नाही.

जोसेफ दाविदोविच नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १९७०च्या दशकापासून सांगतोय की हे दगड ओढून नेलेच नाहीत, जागेवर साचे लावून ओतले. भुसभुशीत चुनखडक पाण्यात कालवायचा, त्यात चुना, चिकणमाती आणि नॅट्रॉन (आपल्या धुण्याच्या सोड्याचा मोठा भाऊ, तिकडे तळ्याकाठी फुकट मिळतो). पाट्या डोक्यावर घेऊन वर जायचं, साच्यात घालायचं, चोपायचं, दुसऱ्या दिवशी साचा पुढे. उतरण नको, दोरखंड नको. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या मिशेल बार्सूम यांनी काही नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, यातली रचना नैसर्गिक चुनखडकासारखी नाही, असं लिहिलं.

मला हे पटतं. का पटू नये, ते सांगा. एलियनवाल्यांनी दुसरा धागा काढावा ही नम्र विनंती.

पानटपरी | ८ जून, ११:५२

पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय.

निशाचर८२ | ९ जून, ००:१५

ताशी ३१ दगड हा आकडा भीती घालायलाच काढलेला असतो. एका वेळी एकच दगड चढतोय असं त्यात गृहीत धरलंय. चारही बाजूंनी टोळ्या चढत असतील तर?

शिवाय पिरॅमिड हा पिरॅमिड असतो, खांब नसतो! खालच्या एक तृतीयांश उंचीत एकूण दगडांपैकी ७० टक्के बसतात. अर्ध्या उंचीपर्यंत पोचलात की साडेसत्त्याऐंशी टक्के काम संपलं. शाळेतलं घनफळाचं सूत्र आठवा. म्हणजे बहुतेक दगड ५० मीटरच्या खालीच ठेवायचे होते, आणि तिथे चढण लहान आणि जागा ऐसपैस. अवघड तो शेंडा, पण तिथे दगडही थोडेच.

दूरगामी | ९ जून, ०७:३०

खडीवाले, दार आधीच बंद केलंत, पण एकच विचारतो. वेरूळचं कैलास लेणं. काही लाख टन दगड कोरून काढला म्हणतात. कुठे गेला तो चुरा? कोणी कोरलं? पिरॅमिड असो की कैलास, तेव्हाच्या माणसाकडे ही ताकद नव्हती हे मान्य करायला आपण का कचरतो?

वडाराचा_नातू | ९ जून, ०८:०५

@दूरगामी, कचरत नाही, राग येतो. आयडीवरून कळलंच असेल मी कुणाचा. आमचे आजोबा सुतकी आणि छिन्नी घेऊन आयुष्यभर काळा पाषाण फोडत होते. दगडावर नुसती थाप मारून सांगायचे, हा इथून उकलेल. तुम्ही कैलास लेण्यात गेला असाल तर भिंतींवर टाकीचे घाव अजून दिसतात, बोट फिरवून बघता येतात. परग्रहावरून यान घेऊन आलेला माणूस छिन्नी वापरेल का? राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक, वरून खाली कोरत आले. वरून कोरलं की परांची लागत नाही, ही अक्कल पाथरवटाची.

बाकी इजिप्तबद्दल मला फारसं माहीत नाही. दगडाबद्दल माहीत आहे.

मधली_सुट्टी | ९ जून, ०८:२०

+१. वरच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

शंखशिंपला | ९ जून, १३:१०

खडीवाले दादा, मी भूशास्त्र शिकवते. तुमचा सिद्धांत एलियनपेक्षा शंभरपट बरा आहे, कारण तो तपासता येतो. आणि तपासला की त्यात मसूर निघतो.

गिझाच्या चुनखडकात नुम्मुलाइट नावाच्या एकपेशीय समुद्री जिवांची कवचं खच्चून भरलेली आहेत. चपटी, गोल, नाण्यासारखी. नावही लॅटिनमधल्या छोट्या नाण्यावरूनच आलंय. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार तिथे गेला. पिरॅमिडपाशी पडलेल्या चुऱ्यात त्याला मसुरीसारखे दाणे दिसले. लोकांनी त्याला सांगितलं की ही मजुरांच्या जेवणातली उरलेली डाळ, दगड झालेली! त्याला ते पटलं नाही, पण त्यानं लिहून ठेवलं.

आता तुमचं मिश्रण घ्या. खडक कालवून, मळून, साच्यात चोपला तर ही कवचं मोडतील, आणि उरतील ती वेडीवाकडी पडतील. प्रत्यक्षात ठोकळ्यांमध्ये ती अखंड आहेत, आणि समुद्रतळावर गाळ साचतो तसे थरही दिसतात. शेजारच्या खाणीतल्या खडकात तेच थर आहेत. काँक्रीटला थर नसतात, हे मी तुम्हाला काय सांगावं.

खडीवाला | ९ जून, २१:३०

ताई, काँक्रीटला थर असतात. आमच्या ठेकेदारानं ओतलेलं बघायला या.

पण मसुराचा मुद्दा जड आहे, मान्य. दाविदोविचचं उत्तर असं की खडक दळायचा नाहीच, भिजवून मोकळा करायचा, म्हणजे कवचं शाबूत राहतात. आणि बार्सूम सगळा पिरॅमिड ओतला असं म्हणतच नाहीत. बाहेरचं आवरण आणि वरचे काही थर, एवढंच. आता बोला.

अर्धवटराव | ९ जून, २१:४४

म्हणजे आधी २३ लाख ओतले होते, आता फक्त बाहेरचं प्लॅस्टर. बिल्डरचं ब्रोशर आणि ताबा मिळालेला फ्लॅट.

निशाचर८२ | ९ जून, २२:३०

सरपणाचं काय? चुना करायचा तर चुनखडक ९०० अंशांच्या आसपास भाजावा लागतो. इजिप्तात झाडं किती? चांगलं लाकूड ते लेबनॉनहून आणत. म्हणूनच त्यांचा सांध्यातला गारा जिप्समचा आहे. जिप्सम दीडशे-दोनशे अंशांवर भाजलं तरी भागतं. त्या गाऱ्यात कोळशाचे कण सापडले, त्यांचं १९८४ आणि १९९५ मध्ये कार्बनमापन झालं. वय काही शे वर्षं इकडेतिकडे, पण इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातलंच आलं. ज्यांना बारा हजार वर्षांपूर्वीची, दंतकथेतली अटलांटिस नगरी वगैरे हवी आहे, त्यांनी हेही वाचावं.

आणखी एक. दगड ओतले असते तर सांध्यात गारा भरायची गरजच काय होती?

सदाफुली | १० जून, ०९:१५

कुणी पतंगाचा सिद्धांत मांडला नाही अजून! कॅल्टेक या अमेरिकी विद्यापीठातल्या मोरी घारीब यांच्या चमूनं २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात पतंग आणि कप्प्या लावून सुमारे तीन टनांचा स्तंभ वाऱ्यावर उभा करून दाखवला होता. खोटं नाही, खरंच उभा राहिला.

पानटपरी | १० जून, ०९:२१

गिझात वीस वर्षं संक्रांत! गुळपोळीचा खर्च कुणी केला?

अर्धवटराव | १० जून, ०९:२६

आवाजानं दगड उचलले असंही एक मत आहे. ते खरं असतं तर विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवरचे वाडे तरंगत मुठेपलीकडे गेले असते.

निशाचर८२ | १० जून, १०:००

पतंगाची गोची अशी की 'करता येतं' आणि 'केलं होतं' यात फार अंतर असतं. थडग्यांच्या भिंतींवर इजिप्शियन लोकांनी नांगरणी, मासेमारी, बदकं पकडणं, बीअर गाळणं, सगळं काढलंय. पतंग कुठेही नाही. दगड ओढायचं चित्र मात्र आहे. जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक प्रचंड पुतळा घसरगाडीवर बांधलाय, १७२ माणसं चार रांगांत दोर ओढतायत, आणि पुतळ्याच्या पायाशी उभा एक माणूस पुढच्या वाळूवर पाणी ओततोय. हे चित्र पिरॅमिडनंतर सहा-सातशे वर्षांचं आहे, पण पद्धत दिसते.

हा पाण्याचा प्रकार म्हणजे पूजाविधी, असं बरेच जण समजत होते. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग केला. वाळू योग्य प्रमाणात ओली असेल तर ओढायला निम्मं बळ पुरतं. कोरड्या वाळूचा घसरगाडीपुढे ढीग साचतो, ओलीचा साचत नाही. फार ओली केली की पुन्हा रुतते.

नाखवा | १० जून, १४:४५

यात शोध कसला? आमच्याकडे पावसाळ्याआधी होडी वर ओढतात ते कधी बघा. सगळी वाडी जमते. खाली लाकडं आडवी टाकायची, त्यांना तेल-चरबी फासायची, आणि एकाच माणसानं आरोळी द्यायची. ताकदीपेक्षा ती आरोळी महत्त्वाची. वीस माणसं वेगवेगळ्या वेळी ओढली तर होडी जागची हलत नाही, दहा माणसं एका दमात ओढली तर सुरसुर जाते. लहानपणी माझं काम बादली घेऊन पुढे पळायचं होतं. त्या चित्रातला पाणी ओतणारा मीच.

खडीवाला | १० जून, २२:५०

नाखवा, मानलं. पण होडी किनाऱ्यावर ओढणं वेगळं आणि १४६ मीटर चढवणं वेगळं. सरळ उतरण करायची तर दहाला एक चढ धरा, लांबी जवळजवळ दीड किलोमीटर. ती उतरण बांधायलाच पिरॅमिडच्या तोडीचा भराव लागेल. कुठे आहे तो भराव?

आणि हो, मी नुसता बोलत बसणार नाही. आज प्लँटच्या प्रयोगशाळेत १५ सेंटिमीटरचे सहा क्यूब ओतले. चुनखडीची भुकटी, चुना, धुण्याचा सोडा, केओलिन माती. ७ दिवसांनी तीन फोडणार, २८ दिवसांनी तीन. आकडे इथेच टाकतो.

(सगळा पिरॅमिड ओतायचा तर २६ लाख घनमीटर. आमच्या सहा घनमीटरच्या गाडीच्या सव्वाचार लाखांहून जास्त खेपा. हा ऑर्डर मिळाला असता तर मी इथे नसतो.)

सदाफुली | ११ जून, ०८:४०

उतरणीच्या प्रश्नावर झाँ-पिएर हूदँ या फ्रेंच वास्तुविशारदाचं उत्तर मला आवडतं. उतरण बाहेर नाही, आतच आहे! खालचा भाग बाहेरच्या छोट्या उतरणीवरून, आणि वरचा भाग भिंतींच्या आतून वळत जाणाऱ्या बोगद्यातून. उतरणीचा मालही वाया जात नाही. २००७ मध्ये त्यांनी दासो कंपनीच्या सॉफ्टवेअरवर पूर्ण बांधकाम फिरवून दाखवलं. १९८६ मध्ये फ्रेंचांनी गुरुत्वमापन केलं होतं, त्यात कमी घनतेचे पट्टे गोलगोल वर जाताना दिसल्यासारखे वाटतात. ईशान्येच्या कडेवर साधारण ८० मीटर उंचीवर एक खाच आहे, तिथे दगड वळवायची जागा असावी म्हणतात.

निशाचर८२ | ११ जून, ०९:३०

सुंदर कल्पना आहे, पण म्यूऑननं मात्र साथ दिलेली नाही. आकाशातून येणारे म्यूऑन कण दगडातून किती पार होतात हे मोजून आतली पोकळी शोधतात. स्कॅनपिरॅमिड्स प्रकल्पाला २०१७ मध्ये मोठ्या दालनमार्गाच्या वर किमान ३० मीटर लांबीची पोकळी सापडली. २०२३ मध्ये उत्तरेच्या तोंडामागे ९ मीटरचा बोळ पक्का झाला, त्यात दुर्बिणीचा कॅमेराही घातला. वळणावळणाचा बोगदा काही समोर आलेला नाही. पोकळी कशासाठी होती, यावर अजून भांडण चालू आहे.

बाहेरच्या उतरणीचा पुरावा मात्र आहे. हतनूबच्या अलाबास्टर खाणीत २०१८ मध्ये खुफूच्या काळातली उतरण सापडल्याचं जाहीर झालं. दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि लाकडी खांबांची भोकं. चढ २० टक्क्यांचा किंवा जास्तच. खांबाला दोर गुंडाळून काही माणसं वरून, काही खालून ओढत असावीत. दहाला एकऐवजी पाचाला एक धरा, तुमचा दीड किलोमीटर निम्म्यावर येतो.

काकांचा_फॉरवर्ड | ११ जून, १९:००

शेजारच्या खाफ्रेच्या पिरॅमिडखाली ६४८ मीटर खोल खांब सापडले आहेत, उपग्रहाच्या रडारनं. २०२५ ची बातमी. जगापासून लपवतायत!! शेअर करा.

शंखशिंपला | ११ जून, १९:२०

लपवतायत म्हणजे काय, त्यांनी पत्रकार परिषद घेऊन जगभर सांगितलं. तसलं रडार खडकात इतकं खोल जात नाही, इतका साधा आक्षेप आहे. इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनीही दावा साफ फेटाळला.

संपादक_मंडळ | ११ जून, १९:४०

धाग्याचं काश्मीर होऊ देऊ नये, म्हणजे नको त्या वादात भरकटू देऊ नये. उडते, तरंगते आणि गाडलेले विषय वेगळ्या धाग्यात घ्यावेत. या आणि वरच्या प्रतिसादाला उत्तरं देऊ नयेत.

वेळूचं_बेट | १२ जून, १६:१०

उशिरा आले. सगळे जण दगड कसा चढला यावरच बोलताय, मला आठवण झाली ती मेरेरची.

लाल समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे २०१३ मध्ये पिएर ताले या पुरातत्त्वज्ञांच्या चमूला पपायरसचे (पाणगवतापासून केलेल्या कागदाचे) तुकडे मिळाले. जगातले सर्वांत जुने लिहिलेले पपायरस. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. खुफूच्या अगदी शेवटच्या काळातली. माणसं घेऊन तूराच्या खाणीत जायचं, पांढरा चुनखडक होडीत भरायचा, नाईल आणि कालव्यातून गिझाला पोचवायचा, परत जायचं. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. रात्री कुठे मुक्काम केला तेही लिहिलंय. त्यात खुफूचा सावत्र भाऊ अंखहाफ वरिष्ठ म्हणून येतो.

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. घरी मस्टर आणि मोजमापवह्यांचे गठ्ठे असायचे. मेरेरची नोंद तशीच आहे: तारीख, जागा, काम, मुक्काम. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा मुकादम आणि एकही अलंकारिक वाक्य नाही. राजा महान, देव महान, काही नाही.

खडीवाले, हा दगड म्हणजे तुम्ही आता ज्याला 'फक्त बाहेरचं आवरण' म्हणता तोच. ओतायचा होता तर होडीतून ठोकळे कशाला आणले?

खडीवाला | १२ जून, २३:०५

हे माहीत नव्हतं. आज वाद नाही. झोपतो.

पानटपरी | १२ जून, २३:०९

खडीवाले निरुत्तर! धाग्याला शंभर प्रतिसाद नाही झाले तरी चालतील.

मधली_सुट्टी | १३ जून, १०:३०

अवांतर: ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं लिहिलंय ना की पिरॅमिडवर मजुरांच्या मुळा, कांदा, लसणाचा खर्च कोरला होता, १६०० टॅलेंट चांदी? आणि एक लाख माणसं, तीन-तीन महिन्यांच्या पाळीनं?

वेळूचं_बेट | १३ जून, ११:१५

हेरोडोटस खुफूनंतर दोन हजार वर्षांनी गेला. आपण आज नाणेघाटात उभं राहून सातवाहनांच्या जकातीबद्दल वाटाड्याला विचारावं, तसं. वाटाडे तेव्हाही पर्यटकाला हवं तेच सांगत असणार.

खरा खर्च पुरातत्त्वज्ञ मार्क लेनर यांनी खणलेल्या वस्तीत दिसतो. पिरॅमिडच्या दक्षिणेला भट्ट्या, पाव भाजायची मातीची जाड भांडी, माशांचे काटे, गुराढोरांची, शेळ्यामेंढ्यांची हाडं. एक लाख नाही, वीस-तीस हजारांच्या आसपास माणसं असावीत असा आताचा अंदाज. जवळच त्यांची थडगी आहेत. १९९० मध्ये घोड्याचा पाय एका भिंतीला अडखळला आणि ती उजेडात आली. हाडं मोडून नीट जुळलेली आहेत, म्हणजे कुणीतरी कामट्या बांधत होतं. पाठीचे मणके मात्र झिजलेले.

अर्धवटराव | १३ जून, ११:३०

आणि टोळ्यांची नावं विसरू नका. आतल्या दगडांवर रंगानं लिहिलेली आहेत. 'खुफूचे मित्र', आणि धाकट्या पिरॅमिडवर 'मेनकाउरेचे दारुडे'. आमच्या गल्लीतल्या क्रिकेट संघाचं नाव आजपासून हेच.

वडाराचा_नातू | १३ जून, १२:००

नाव लिहिलं हे फार बरं केलं त्यांनी.

खडीवाला | १७ जून, १८:२०

७ दिवसांचे आकडे. तिन्ही क्यूब फोडले, सरासरी ताकद २ मेगापास्कलच्या खाली. आमच्या प्रयोगशाळेतला पोरगा म्हणाला, "साहेब, हे मशीनवर ठेवायच्या आधीच फुटेल असं वाटत होतं." मिश्रणात माझी चूक असणार, तिकडे फ्रान्समध्ये त्यांनी टनावारी ठोकळे ओतून दाखवलेत. २८ दिवस थांबा.

कैरोकरीण | २९ जून, २०:१५

नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या कैरोत आहे. हा धागा वाचून शुक्रवारी गिझाला गेले. आधी आत गेले. चढत्या बोळातून कमरेत वाकून जायचं, घामाच्या धारा. मग एकदम मोठा दालनमार्ग उघडतो, साडेआठ मीटर उंच, दोन्ही भिंती थोड्याथोड्या आत झुकत वर गेलेल्या. तिथे सगळा लोंढा गप्प झाला. राजाच्या दालनाच्या ग्रॅनाइटला हात लावला. हे ग्रॅनाइट ८०० किलोमीटरवरच्या आस्वानहून आलंय. छतावरच्या तुळया २५ टनांच्या पुढच्या.

मग बाहेर येऊन शंखशिंपलाताईंचा मसूर शोधला. खालच्या थरांत जिथे बघाल तिथे. एका ठोकळ्यावर तर बोटानं मोजले, तळहाताएवढ्या जागेत चाळीसच्या वर. ठोकळे जवळून अगदी ओबडधोबड आहेत, एकासारखा दुसरा नाही, फटींत गुलाबी-राखाडी गारा. खडीवालेकाका, साच्यातून निघाल्यासारखं मला तरी काही वाटलं नाही. सुरक्षारक्षक ओरडला म्हणून परत आले.

शंखशिंपला | २९ जून, २०:४०

चाळीस! वर्गात दाखवायला फोटो पाठवाल का?

खडीवाला | २९ जून, २२:००

पोरी, तू आमच्यासाठी उन्हात मसूर मोजलास, तुझ्यापुढे काय बोलणार. खालचे थर खाणीतलेच, हे आज लिहून देतो. ग्रॅनाइट ओतलं असंही मी कधी म्हणालो नव्हतो. राहिलं आवरण, आणि तिथे तो मेरेर होडी घेऊन आडवा आलाय. वरच्या थरांचं मात्र...

अर्धवटराव | २९ जून, २२:०४

वरच्या थरांवर कुणाला चढू देत नाहीत, म्हणून तिथे सिद्धांत सुरक्षित आहे.

खडीवाला | ८ जुलै, १९:३०

२८ दिवसांचा निकाल. तीन क्यूब गच्चीवर उघड्यावर ठेवले होते, तिथल्यासारखी हवा लागावी म्हणून. गेल्या आठवड्यात पुण्यात काय कोसळला ते माहीतच आहे. आज आणायला गेलो तर कडा गेलेल्या, एकाचा कोपरा हातात आला, दुसऱ्याचं पिठलं झालंय. मशीनवर ठेवण्यासारखं काही उरलं नाही.

पानटपरी | ८ जुलै, १९:३४

पण काका, इजिप्तात पाऊस पडतच नाही.

खडीवाला | ८ जुलै, १९:३६

तेच तर म्हणतोय मी!